आधी स्टेशन, मग गाव

रेल्वेच्या वेळापत्रकात काही स्टेशनांच्या नावापुढे 'रोड' हा शब्द आढळतो. उदाहरणार्थ, नाशिक रोड. मूळ गाव येथे नाही, येथून तिकडे रस्ता जातो, एवढाच त्याचा अर्थ. पुणे-मिरज मार्गावर पूर्वी असेच एक 'कुंडल रोड' होते. कुंडल गाव दूर. स्टेशनाभोवती खडकाळ माळ आणि निवडुंग. आज त्या स्टेशनाचे नाव 'किर्लोस्करवाडी' आहे. नावातला हा बदल मला अभ्यास करण्याजोगा वाटतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा कारखाना प्रथम बेळगावात होता. तेथे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार होत. नगरपालिकेच्या योजनेमुळे त्यांना ती जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. लक्ष्मणरावांनी राजधानी निवडली नाही. कुंडल रोडजवळची ३२ एकर माळजमीन निवडली. कारण उघड आहे. नांगर ओतण्यासाठी लागणारे बीड व कोळसा बाहेरून आणायचे, आणि तयार माल दूरच्या शेतकऱ्यांकडे धाडायचा. हे बैलगाडीने होणारे काम नव्हे. रूळ हीच त्या माळाची खरी संपत्ती होती.

१० मार्च १९१० रोजी वसाहतीचा प्रारंभ झाला. निवडुंग तोडून कामगारांनी घरे उभारली. १९२० साली येथूनच 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले आणि माळावरचे नाव महाराष्ट्रभर पोचले.

रेल्वे आली की गाव वसते, असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. हे स्टेशन त्याआधीही कित्येक वर्षे उभे होते. गाड्या थांबत आणि निघून जात. गाव झाले ते काम आल्यावर. अर्थात, याला दुसरी बाजूही आहे. राजाश्रय नसता तर जमीन मिळाली नसती. शिवाय एकाच कारखान्यावर उभ्या राहिलेल्या गावाचे भवितव्यही त्या कारखान्याशीच बांधलेले राहते.

आपल्यापैकी अनेकजण खेड्यांतून आलो आहोत. आपल्याला स्टेशन म्हणजे गाव सोडून पुण्या-मुंबईकडे जाण्याची जागा, एवढेच ठाऊक असते. पण त्याच फलाटावर हाताला काम देणारी माणसेही उतरू शकतात, हे किर्लोस्करवाडीने दाखविले. पदवी घेतल्यावर आपल्यातील किती जण आपल्या स्टेशनावर तसे उतरतील, याचा विचार आपण आताच केला पाहिजे.