अमेरिकेत नवं कार्यालय : व्यवस्थापकाला कोणत्या व्हिसावर पाठवावं?

प्रश्न : भोसरीत आमची यंत्रांचे सुटे भाग बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. अमेरिकेत उपकंपनी काढून आमच्या व्यवस्थापकाला तिकडे पाठवायचं आहे. कोणता व्हिसा घ्यावा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्यासाठी एल-१ए हा सरळ मार्ग आहे. तो व्यवस्थापक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी असतो. कंपनीचं खास तांत्रिक ज्ञान असलेल्यांसाठी एल-१बी. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासारखी लॉटरी इथे नाही. मात्र त्या व्यक्तीने गेल्या ३ वर्षांत सलग किमान १ वर्ष भारतात तुमच्याकडे काम केलेलं हवं.

नव्या कार्यालयासाठी पहिली मंजुरी जास्तीत जास्त १ वर्षाची मिळते. अर्जाआधीच जागा घेतलेली हवी. भाडेकरार, भांडवल पाठवल्याचे बँकेचे कागद, मालकी दाखवणारी शेअर सर्टिफिकेटं आणि व्यवसाय आराखडा जोडा.

खरी कसोटी या पहिल्या वर्षाच्या अखेरीस लागते. तोवर व्यवस्थापकच बिलं करत आणि खोकी भरत बसला असेल, तर मुदतवाढ नाकारली जाऊ शकते. ती कामं करायला माणसं हवीत, म्हणून भरतीचं वेळापत्रक महिनावार मांडा आणि ते पाळा. मुदतवाढ एका वेळी २ वर्षांपर्यंत मिळते. एल-१एची कमाल मर्यादा ७ वर्षं, एल-१बीची ५.

या काळात भोसरीचा व्यवसायही सुरूच राहिला पाहिजे.

पती किंवा पत्नीला एल-२ व्हिसावर तिथे नोकरी करता येते. व्यवस्थापकाच्या घरच्यांना हे आधीच सांगा, म्हणजे निर्णय सगळ्यांच्या विचाराने होईल.