हिरवळीची कापणी

आमच्या घरासमोर हरळीची लहानशी हिरवळ आहे. एके वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत गांवीं जावयाचें होतें. परत येईपर्यंत गवत वाढूं नये म्हणून आम्हीं तें अगदीं जमिनीलगत कापविलें आणि निश्चिंत झालों. महिन्यानें येऊन पाहतों तों हिरवळीचा वर्ण जुन्या घोंगडीसारखा झालेला, जागोजाग माती उघडी पडलेली, आणि त्या जागीं लव्हाळ्यानें ठाण मांडलेलें! शेजाऱ्यांनीं पाणी तर नेमानें घातलें होतें. मग चूक कोठें झाली?

बहुतेक झाडांची वाढ शेंड्याकडून होते; शेंडा खुडला कीं त्या फांदीची उंची तेथेंच थांबते. गवताचें तसें नाहीं. त्याचें पातें बुडाकडून वाढतें, आणि नवीं पातीं फुटण्याची जागा जमिनीलगत असते. म्हणूनच गाईनें चरलें किंवा यंत्रानें कापलें, तरी तें पुन्हां वाढतें. हरळी तर सरपटत जाऊन पेऱ्यापेऱ्यास मुळें धरिते. 'हरळीची मुळी' ही चिवटपणाची उपमा लोकांनीं उगीच दिलेली नाहीं. परंतु चिवटपणासही मर्यादा आहे. हिरवें पातें म्हणजे गवताचें स्वयंपाकघर. हवा, पाणी व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्यानें त्याचें अन्न तेथेंच शिजतें. तें सगळें एकदम कापून नेलें, तर सांठविलेलें अन्न नवीं पातीं काढण्यांतच खर्च होतें व मुळांची वाढ खुंटते. मुळें आंखूड राहिलीं कीं जमिनींतील खोल ओल त्यांस मिळत नाहीं. आमच्या हिरवळीचें हेंच झालें.

यावर नियम सोपा आहे : एका वेळीं पात्याच्या उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक कापूं नये. हरळी १ इंच ठेवावयाची असेल, तर ती दीड इंच होतांच कापावी. कापणीचा दिवस वारावरून नव्हे, वाढीवरून ठरवावा. पावसाळ्यांत आठवड्यास एकदां, कधीं दोनदांही कापावें लागतें. थंडींत पंधरा दिवसही चालतात. कडक उन्हाळ्यांत गवत किंचित् उंच ठेवावें, म्हणजे पात्यांच्या सावलीनें मातींतील ओल टिकते. गवत फारच वाढलें असेल, तर कांहीं दिवसांच्या अंतरानें दोन-तीन वेळां कापून तें क्रमानें खालीं आणावें.

गवत कापण्याचें यंत्र इंग्लंडांतील स्ट्राउड या गांवाजवळ एडविन बडिंग यानें १८३० सालीं तयार केलें. लोकरी कापडावरील लव छाटणाऱ्या गिरणींतील यंत्रावरून त्यास ही कल्पना सुचली. आजचें यंत्र हातानें ढकलावयाचें असो वा विजेचें, त्याचें पातें धारदार हवें. बोथट पातें गवत कापीत नाहीं, फाडतें. मग टोंकें पांढुरकीं होऊन वाळतात व रोगास वाट मिळते. गवत ओलें असतां कापूं नये, आणि दर खेपेस यंत्राची दिशा बदलावी. कापलेले बारीक तुकडे तेथेंच राहूं द्यावे. ते कुजून त्यांचें खत होतें. मात्र यंत्र चालू असतां किंवा विजेला जोडलेलें असतां मुलांनीं त्याच्या पात्यास कदापि हात लावूं नये.

विद्यार्थ्यांनीं आईवडिलांच्या अनुमतीनें एक प्रयोग करून पाहावा. हिरवळीच्या कोपऱ्यांत हातभर लांबीरुंदीचे दोन चौकोन आंखावे. एक दर वेळीं अगदीं बुडापर्यंत कापावा, दुसरा वरील नियमानें. दोहोंस पाणी सारखेंच घालावें, आणि महिनाभर रंग, दाटी व तण यांची नोंद वहींत ठेवावी. वाचून समजलें त्याहून अधिक पाहून समजेल.

आमची हिरवळ पूर्ववत् होण्यास सारा पावसाळा लागला. लव्हाळा तर गांठींसह हातानें खणून काढावा लागला. अर्ध्या तासाचें काम टाळण्यासाठीं केलेली युक्ति आम्हांस चार महिन्यांस पडली. थोडें थोडें व वेळच्या वेळीं, एवढेंच गवत आपणांपाशीं मागतें.