पिकल्या पानाचे कानमंत्र

पोरी, बाल्कनीत कुंड्या मांडल्यास, छान केलंस. पण पान पिवळं दिसलं की लगेच खत आणायला धावतेस, म्हणून हे चार शब्द.

१. आधी बघ, पिवळं पान खालचं की शेंड्याचं — खालचं एखाददुसरं पान वयानं पिकतं, त्यातलं नत्र झाड नव्या पालवीला देतं. जुनं रितं, तर नवं हिरवं!

२. खालची पानं भराभर पिवळी पडली तर ओंजळभर गांडूळखत घाल — मातीत नत्र नसलं की झाड आपल्याच जुन्या पानांतून ओढतं.

३. कोवळी पानं पिवळी नि शिरा तेवढ्या हिरव्या असल्या तर लोह कमी पडतंय — जुन्या पानातलं लोह झाडाला सहजी हलवता येत नाही, म्हणून उपास नव्याला घडतो.

४. पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपस — ओल असताना ओतलंस तर मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात, आणि तुला वाटतं झाड तहानलंय!

५. अर्धवट पिवळं पान ओढू नकोस, गळू दे — हरितद्रव्य मोडून आतला पिवळा रंग उघडा पडतो, तेव्हा नत्र, स्फुरद, पालाश देठातून खोडाकडे परतत असतं. काम उरकलं की देठाच्या बुडाशी नाजूक थर तयार होऊन पान तिथून सुटतं. मागचा व्रण बोटानं चाचपून बघ, कोरडा नि बुजलेला लागेल. ओढलंस तर साल सोलवटते. डाग पडलेलं, बुरशी लागलेलं पान मात्र तिथल्या तिथे काप.

६. पानं करपून फांदीलाच लटकली असतील तर साल नखानं खरवड, आत हिरवं नसेल तर फांदी छाट — पान गाळणं हे जित्या फांदीचं काम. वादळात मोडलेल्या फांदीची पानं वाळतात, पण गळत नाहीत.

७. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत जा, बियांपुरत्या दोन ठेव — बी धरलं की पानांतलं सत्त्व तिकडे जातं.

८. कोथिंबीर पिकत्या केळ्यांजवळ ठेवू नकोस — केळ्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं ती लवकर पिवळी पडते.

९. थंडीत चाफा बोडका झाला तरी घाबरू नकोस, पाणी तोड — पानंच नाहीत तर पाणी लागतं कितीसं? जास्त झालं तर खोड कुजतं. नवे कोंब दिसले की मग पाणी वाढव.