माळ्यावरचे स्पेअर मैदानात

जुन्या जावा-येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये थांबला. पेट्रोलवरच्या बजाज चेतकचं उत्पादनही पुढे संपलं. गाड्या मात्र अजून धावतात आणि त्यांना लागणारे कित्येक भाग आज कुणाच्या तरी माळ्यावर, गोणपाटात पडून आहेत. ते भंगारात गेले की वितळले. योग्य माणसाच्या हाती पडले तर एक गाडी रस्त्यावर येते. म्हणून असे भाग विकणं हे नीट, मन लावून करायचं काम आहे. बाजाराच्या किंवा मेळाव्याच्या मैदानातल्या विक्रीचं सूत्र एकच: भाग कोणत्या गाडीचा, किती वापरलेला आणि त्यात काय खोट आहे, हे तिन्ही खरं लिहा.

साहित्य

दोन ताडपत्र्या, जुनी सतरंजी, रॉकेल, तारेचा आणि साधा ब्रश, चिंध्या, थोडं इंजिन ऑइल, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळी, पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, मार्कर, व्हर्नियर, मल्टिमीटर, ६ आणि १२ व्होल्टच्या बॅटऱ्या, पान्यांचा संच, वही, सुटे पैसे आणि यूपीआयचा क्यूआर कोड.

कृती

१. जागा ठरवा. पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथल्या जागा नेहमीच्या व्यापाऱ्यांच्या असतात, त्यामुळे तिथे आधी गिऱ्हाईक म्हणून फिरा, भाव ऐका, कशाला मागणी आहे ते पाहा. विकायला जुन्या गाड्यांच्या क्लबचे मेळावे बरे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगाव जमतात. आयोजकांना आधी विचारा: पथारी टाकू द्याल का, किती वाजता यायचं, गाडी आत आणता येईल का.

२. माल वेगळा करा. सगळं अंगणात ओता आणि चार ढीग करा: तसाच बसेल असा, दुरुस्तीनंतर चालेल असा, फक्त नमुन्यापुरता, आणि भंगार. खोक्यात वर्षानुवर्षं पडलेले नवे ऑइल सील आणि रबरी भाग वाकवून पाहा. रबर कडक झालं असेल किंवा त्याला भेगा पडल्या असतील, तर पॅकिंग कितीही कोरं असो, तो भाग नमुन्याच्या ढिगात जातो.

३. कागदपत्रांचा विचार आत्ताच करा. नंबर ठोकलेली चेसी किंवा इंजिनचं केसिंग आरसी आणि मालकीच्या पुराव्याशिवाय मैदानात नेऊ नका. नंबरप्लेट तर कधीच विकू नका. जे भाग तुमच्याकडे कुठून आले ते सांगता येत नाही, ते घरीच राहू द्या.

४. धुवा, पण घासू नका. ब्रश रॉकेलमध्ये बुडवून चिकट मळी काढा, चिंधीने पुसा, उघड्या लोखंडावर ऑइलचा पातळ हात फिरवा. तारेचा ब्रश फक्त ओबडधोबड लोखंडावर चालवा. क्रोम, ॲल्युमिनियम आणि मूळ रंगाला तो लावू नका. नवा रंग तर अजिबात मारू नका. रंगाखाली वेल्डिंग किंवा पुटी दडवली असेल अशी शंका येते आणि कंपनीचा मूळ रंग जातो तो कायमचा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. चेसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. अशा गाडीच्या मालकाला चकाकीपेक्षा अस्सल भाग महत्त्वाचा असतो.

५. तपासा आणि मोजा. पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा वाचा, मग पिनला काटकोनात, स्कर्टवर व्हर्नियर लावा. जावा-येझदी २५० चा मूळ बोअर ६५ मिलिमीटर आणि चेतकचा ५७. डोक्यावर ६५.५० असेल तर तो अर्ध्या मिलिमीटरचा ओव्हरसाइज आहे आणि ज्याचं सिलिंडर त्या मापाला बोअर केलं आहे त्याच्याच कामाचा.

कार्बोरेटर उघडून पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोटला भोक आहे. आवाज नसला तरी तो गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर डाग द्यावा लागेल. उघड्या विस्तवावर मात्र हे करू नका. पेट्रोलची वाफ पेट घेते.

कॉइल मल्टिमीटरवर पाहा. तार तुटली आहे का एवढं मीटर सांगतं. गरम झाल्यावर कॉइल दगा देईल का, हे सांगत नाही. म्हणून चिठ्ठीवर ‘चालू’ असं मोघम न लिहिता ‘मीटरवर बरोबर, गाडीवर लावून पाहिलेली नाही’ असं लिहा. हॉर्न आणि दिवे बॅटरीवर लावून दाखवा. जुन्या जावाचा ६ व्होल्टचा बल्ब चुकून १२ वर जोडू नका.

६. प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधा. त्यावर गाडी, मॉडेल, माप, अस्सल की डुप्लिकेट, दोष आणि भाव लिहा. उदाहरणार्थ: ‘येझदी २५०, सायलेन्सर, डावा, अस्सल, खालून गंज, पॅच मारलेला.’ ‘बजाजची रिम’ एवढ्याने भागत नाही. सुपरची ८ इंची, चेतकची १० इंची. आटे गेले असतील तर तसं लिहा. नट, बोल्ट, वायसर ज्या भागाचे असतील त्याच्याच पिशवीत घाला. छोटा स्प्रिंगसुद्धा हरवला की गिऱ्हाइकाला पुन्हा सगळं शोधावं लागतं.

७. भाव बांधा. वहीत तीन आकडे लिहा: सांगायचा, घ्यायचा आणि त्याखाली न जाण्याचा. दुर्मीळ भाग म्हणून अवाच्या सवा सांगू नका. सायलेन्सरची जोडी, चेनकव्हरचे दोन अर्धे असे भाग एकत्रच ठेवा. जोडी फुटली की उरलेला भाग पडून राहतो.

८. पहाटे पोचा आणि पथारी मांडा. खरे शोधणारे उजाडताच येतात. जड माल मागे, छोटा पुढे, प्रत्येक गाडीचा गट वेगळा. काचा, मीटर आणि बॅज हाताशी ठेवा. जुलैत दुसरी ताडपत्री डोक्यावर बांधा, कारण ओल्या मालावर गंज लगेच चढतो.

९. बोला, ऐका, अदलाबदल करा. गिऱ्हाइकाला आधी विचारा, ‘कुठली गाडी, कुठल्या साली?’ भाग बसणार नसेल तर तसं सांगा आणि ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे पाठवा. भवानीच्या वेळी थोडं सोडायला हरकत नाही. तुमच्या गाडीला हवा असलेला भाग समोरच्याकडे असेल तर बदल्यात द्या-घ्या. मात्र दोन्हीकडचे दोष आधी बोलून घ्या. मोठा भाग विकताना साध्या कागदावर भाग, तारीख, रक्कम आणि परतीची मुदत लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या.

१०. आवराआवर. विकलेला प्रत्येक भाग वहीत लिहा. शेजारीच ‘मागितलं, पण नव्हतं’ अशी यादी करा. पुढच्या मेळाव्याला काय शोधून न्यायचं ते त्यातून कळेल. उरलेला माल चिठ्ठ्यांसकट खोक्यात भरा. सांडलेलं ऑइल पुसा, चिंध्या परत न्या आणि जागा स्वच्छ करूनच निघा. तसं केलं तर आयोजक पुढच्या वर्षीही पथारी टाकू देतील. भाग बसला नाही म्हणून कुणी ठरलेल्या मुदतीत परत आणला, तर कुरकुर न करता पैसे द्या. असं गिऱ्हाईक पुढच्या वेळी चार मित्रांना घेऊन येतं, आणि त्या चौघांच्या गॅरेजमध्येही एकेक गाडी भागांची वाट पाहत उभी असते.