आपल्या गावी कोणते जाळे जलद?

शिष्यवृत्तीचा अर्ज असो वा रुग्णवाहिकेस हाक, आज दोन्ही कामे भ्रमणध्वनीवर अवलंबून आहेत. म्हणून सेवा निवडताना केवळ जाहिरातीवर विसंबू नये.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या विनियमांनुसार प्रत्येक कंपनीने आपल्या व्याप्तीचा नकाशा संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक आहे. तो प्रथम पाहावा. परंतु घराच्या भिंतीआड काय मिळते, हे नकाशावरून कळत नाही. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात व भिंतीतून आत शिरतात. ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी अधिक वेग देतात, पण लवकर क्षीण होतात. शिवाय सांबऱ्यासारख्या विमानतळालगतच्या गावी मनोऱ्यांच्या उंचीवर निर्बंध असतात.

यास्तव चाचणी स्वतः घ्यावी. निरनिराळ्या कंपन्यांची सिमकार्डे एकाच फोनमध्ये पाळीपाळीने घालून घर, शाळा व शेत येथे सकाळी व रात्री लहरींची शक्ती आणि वेग वहीत नोंदवावा. शक्तीचा आकडा उणे असतो. उणे ११० पेक्षा उणे ८५ चांगला. दहाच्या फरकाने शक्ती दहापट बदलते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून अशा नोंदींचा गावनकाशा करून घ्यावा व तो पंचायतीत लावावा. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ पासून आहे. तिचा लाभ नोंदी पाहूनच घ्यावा.