दुखते एकीकडे, कारण दुसरीकडे



आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या माणसाच्या पायांना सूज येऊ लागली. संध्याकाळी घोट्याजवळ बोटाने दाबले की खळगा पडे. 'दिवसभर वाडीत उभे असतात, म्हणून होत असेल' असे आम्हीच ठरवून टाकले. तेल चोळले, गरम पाण्याचा शेक दिला, रात्री पायांखाली उशी ठेवली. असे काही महिने गेले. पुढे थकवा वाढला, चेहरा फिका पडला, तेव्हा त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी पाय पाहिले, पण तपासायला सांगितले रक्त आणि लघवी. दोष पायांत नव्हता, तो मूत्रपिंडांत होता. कित्येक वर्षे वाढलेला, पण आम्ही कधीच न मोजलेला रक्तदाब आतून आपले काम करीत होता. आम्ही मात्र पायांची सेवा करीत बसलो होतो.

शाळेत आपण सर्वांनी पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण संस्था, उत्सर्जन संस्था, मज्जासंस्था अशी नावे पाठ केली. प्रत्येक संस्थेचा धडा वेगळा, आकृती वेगळी. परीक्षेपुरते ते ठीक होते. प्रत्यक्षात या संस्था एका घरातल्या माणसांसारख्या आहेत. एकाचे बिघडले की त्याचा त्रास दुसऱ्याला होतो. आजच्या पाठात आपण हेच समजून घेऊ या.

एका घासाचा प्रवास

आपण भाताचा एक घास खाल्ला असे समजू. दात आणि लाळ त्याचे काम सुरू करतात. जठरातून तो लहान आतड्यात जातो. हे आतडे सुमारे ६ मीटर लांब असते. तेथे भाताची साखर होऊन ती रक्तात मिसळते. इथे पचनसंस्थेचे काम संपले, पण घासाचे काम संपले नाही. रक्तातली साखर पेशींच्या आत जाण्यासाठी इन्सुलिन लागते आणि ते स्वादुपिंड तयार करते. हेच स्वादुपिंड अन्न पचवणारा रसही आतड्यात सोडते. म्हणजे एकच अवयव दोन संस्थांची चाकरी करतो. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले आणि १९२२ साली ते प्रथम मधुमेही रुग्णाला देण्यात आले.

पेशीत पोचलेली साखर वापरायला प्राणवायू हवा. तो फुप्फुसे देतात. साखर आणि प्राणवायू दोन्ही पोचवण्याचे काम रक्ताचे आणि ते रक्त ढकलण्याचे काम हृदयाचे. मूठभर आकाराचे हे हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडते. उरलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा फुप्फुसांतून बाहेर जातो. म्हणजे एका घासामागे किती जणांचे हात लागतात, ते पाहा.

मूत्रपिंडे काय काय करतात?

मूत्रपिंडे म्हणजे लघवी तयार करणारे अवयव, एवढेच आपण शिकलो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात त्या मिळून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग शरीराला परत देतात आणि साधारण दीड लिटर लघवी बाहेर टाकतात.

पण त्यांची कामे याहून अधिक आहेत. ती रक्तदाब ताब्यात ठेवतात. हाडांतील मगजाला तांबड्या पेशी बनवण्याचा निरोप पाठवतात. हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व उपयोगी रूपात आणतात. म्हणून मूत्रपिंडे थकली की अंगात पाणी साठून सूज येते, रक्त कमी होऊन चेहरा फिका पडतो, हाडे कमजोर होतात आणि रक्तदाब आणखी चढतो. आमच्या घरातल्या माणसाच्या सुजलेल्या पायांचे आणि फिक्या चेहऱ्याचे कारण एकच होते, हे आम्हाला उशिरा कळले.

पायांची प्रत्येक सूज मूत्रपिंडांचीच असते असे नाही. हृदयाचा जोर कमी झाला तर रक्त मागे तुंबते आणि पाय सुजतात. अशा माणसाला आडवे झाल्यावर दम लागतो आणि तो दोन-तीन उशा घेऊन झोपतो. यकृत बिघडले तर रक्तातील प्रथिन कमी होऊन पाणी पायांत आणि पोटात साठते. म्हणूनच कारण कोणते, हे घरी ठरवू नये.

याच्या उलटही घडते. गुडघा दुखतो म्हणून आपण दुकानातून वेदनाशामक गोळी आणतो. बरे वाटले की रोज घेऊ लागतो. गुडघ्याला आराम मिळतो, पण महिनोन्‌महिने चाललेल्या या गोळ्यांचा मार मूत्रपिंडांवर बसू शकतो. दुखणे गुडघ्याचे आणि शिक्षा मूत्रपिंडांना!

'गॅस झाला असेल'

हे वाक्य आपल्या घरांत रोज ऐकू येते. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण हृदयविकाराचा झटका कित्येकदा याच नावाने घरात शिरतो. छातीवर दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, दरदरून घाम, मळमळ ही त्याची लक्षणे असू शकतात. हृदयाकडून येणाऱ्या आणि हाताकडून येणाऱ्या नसा मणक्यातील मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात. त्यामुळे मेंदूला निरोप नेमका कुठून आला हे कळत नाही आणि हृदयाची कळ हातात जाणवते. मधुमेह असलेल्यांना आणि स्त्रियांना कधी कधी छातीत फारसे दुखतही नाही, फक्त दम लागतो किंवा कमालीचा थकवा येतो.

अशा वेळी सोडा पाजून वाट पाहू नये. माणसाला चालत किंवा स्कूटरवर नेऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तपासणीत गॅसच निघाला तर घरी हसत यावे. त्यात लाज कसली?

पावसाळ्यातला धडा

सर्व संस्था एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत, हे लेप्टोस्पायरोसिस या आजारात स्पष्ट दिसते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत आणि आसपास हे नाव घरोघरी पोचले. उंदरांच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात. पायाला साधा ओरखडा असला तरी ते तेथून शरीरात शिरतात. सुरुवात त्वचेतून, मग रक्तातून ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल. आजार वाढला तर यकृतामुळे कावीळ, मूत्रपिंडांमुळे लघवी कमी, आणि फुप्फुसांपर्यंतही धोका. पोटऱ्या दुखतात म्हणून केवळ मालीश करणाऱ्याने मोलाचे दिवस गमावले असे समजावे. पाण्यातून चालून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना 'मी साचलेल्या पाण्यातून गेलो होतो' हे आठवणीने सांगावे.

आपण काय करू शकतो?

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात शरीराचा दाखला दिला आहे. तो वाचताना आपण धर्मग्रामाचा विचार करतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्या शरीरावरून तो दाखला घेतला, त्याच्याकडेही थोडे पाहू या. या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने पुढील गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे.

१. घरातील चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजून घ्यावा. तो वाढला तरी बहुधा काही दुखत नाही, म्हणून मोजल्याशिवाय कळत नाही.

२. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिन तपासण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

३. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, याहून कमी असावे. सुके मासे, लोणचे आणि पापड यांतले मीठही त्यात धरावे.

४. रोज चालू असलेल्या सर्व गोळ्या, वेदनाशामक गोळ्यांसह, एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात.

५. जेवणाच्या टेबलावर वडीलधाऱ्यांना विचारावे, "हल्ली दम लागतो का? पाय सुजतात का?" आपली माणसे स्वतःहून सांगत नाहीत. मुलांना त्रास नको म्हणून ती गप्प राहतात.

आमच्या घरातील त्या माणसाला आता आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी जावे लागते. ते कुरकुर करीत नाहीत. मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, "तू बीपी कधी मोजलंस?" त्यांचा तो प्रश्न आज आम्ही तुमच्यापर्यंत पोचवत आहोत.