जुन्या बुलेटच्या कार्बोरेटरसाठी मामाचे कानमंत्र

बाबू, जुनी गाडी दारात आणलीस, पेढे वाटलेस, फोटोही सगळ्या नातेवाइकांना पाठवून झाले. आता कामाचं बोलू. गाडी इंग्लंडातल्या रेडिचची बुलेट असो, ट्रायम्फ असो, नाहीतर १९५५ पासून मद्रासला बनू लागलेली एनफिल्ड असो, ती बनवताना आपल्या गोव्यातल्या पेडणे-डिचोलीची हवा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. पेडण्याला मोरजी-केरीचा खारा वारा, डिचोलीला खाणीची तांबडी धूळ, दोन्हीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यात पंपावरच्या पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. या सगळ्याचा मार आधी बसतो तो कार्बोरेटरला. तुझा मेकॅनिक हुशार आहे, पण सुटे भाग आणायला दुकानात तूच जातोस. म्हणून हे कानात ठेव.

१. आधी कार्बोरेटरची ओळख पटव, मग भाग माग — इंग्लंडहून आलेल्या गाडीवर बहुधा बर्मिंगहॅमचा अमल असतो, नंतरच्या मद्रासच्या बुलेटवर मिकार्ब, आणि एकाचं जेट दुसऱ्याला चालत नाही.

२. अमलमध्येही पिढी बघ: पन्नाशीतल्या मोनोब्लॉकची फ्लोटची वाटी कुशीला असते, १९६७ पासूनच्या कॉन्सेंट्रिकची खाली — नुसतं ‘अमलचं किट द्या’ म्हणालास तर दुकानदार आनंदाने देईल, आणि ते बसणार नाही.

३. जुन्या कॉन्सेंट्रिकची बॉडी जस्ताची आणि आत वरखाली होणारी स्लाइडही जस्ताचीच. ती काढून हार्ड ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची किंवा क्रोम चढवलेल्या पितळेची घाल — सारखा धातू सारख्यावर घासला की एका चुलीवरच्या दोन जावांसारखी दोघांचीही झीज होते. जस्तावर जस्त, खिसा फस्त.

४. दुकानात स्लाइड तळहातावर घेऊन वजन बघ — जस्त ॲल्युमिनियमपेक्षा अडीच पटीहून जड असतं, त्यामुळे लेबल काहीही म्हणो, हात खोटं बोलत नाही.

५. झीज बघायची तर जुनी स्लाइड काढून तिचं इंजिनाकडचं अंग उजेडात धर. तिथे चकचकीत पट्टा दिसेल आणि त्यावर नख फिरवलंस तर काठ लागेल — इंजिनाची ओढ स्लाइडला सतत त्याच बाजूला दाबत असते.

६. गाडी उभ्या उभ्या कधी भरभर, कधी मंद चालू लागली की लगेच स्क्रू पिळत बसू नकोस — झिजलेल्या स्लाइडच्या फटीतून शिरणारी हवा कुठल्याच स्क्रूला जुमानत नाही.

७. बॉडीच झिजली असेल तर नव्या स्लाइडवर पैसे घालू नकोस, बॉडी बोअर करून पितळेची स्लीव्ह बसवून घे — साखळी गावावरून चोर्ला घाट चढलास की बेळगाव, आणि तिथे उद्यमबागेत लेथवाल्यांची वाण नाही.

८. जेटात तार, टाचणी किंवा मावशीची सुई घालू नकोस. पेट्रोल आणि हवेचा झोत पुरे — पितळ मऊ असतं, भोक केसभर मोठं झालं तरी गाडी पेट्रोल पिऊ लागते.

९. कॉन्सेंट्रिकची पायलट बुश मात्र ठोकून आत बसवलेली असते, तिला बोटात धरलेलं ०.४ मिलिमीटरचं ड्रिल हलक्या हाताने फिरवून साफ कर — ती बाहेर निघत नाही, आणि तिथे कचरा राहिला तर गाडी आयडलिंगला टिकतच नाही.

१०. फ्लोट काढून कानाशी हलव, आत खळखळ वाजलं तर तो टाकून इथेनॉल सोसणारा नवा घे — आत पेट्रोल शिरलेला फ्लोट बुडतो, वाटी ओसंडते, आणि ते पेट्रोल गरम इंजिनावर सांडतं.

११. फ्लोटची निडल घेताना टोकाला व्हायटन रबर असलेली माग — बारीक कचऱ्यावरही ती नीट बसते, आणि इथेनॉलने फुगत नाही.

१२. पेट्रोलची पारदर्शक प्लास्टिक नळी दिसायला छान, पण इंधनाला चालणारी रबरी नळीच लाव — प्लास्टिक काही महिन्यांत पिवळं, कडक होतं आणि नेमकं नळीच्या तोंडाशी चिरतं.

१३. पेट्रोल कॉकमध्ये बूच असेल तर त्यावर लाखेचं पॉलिश आहे का ते विचार — लाख इथेनॉलमध्ये विरघळते, आणि तीच लाख मग जेटात जाऊन बसते.

१४. गळती दिसली म्हणून सिलिकॉन फासू नकोस, योग्य गॅस्केट कापून घाल — पेट्रोलात सिलिकॉन फुगतं, त्याचे तुकडे सुटतात आणि थेट जेटाकडे निघतात.

१५. फ्लँजचे नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळ — जोर लावलास की जस्ताची बॉडी वाकते आणि स्लाइड आत अडकते. शंका आली तर फ्लँज आरशाच्या काचेवर ठेवून डुगडुगते का बघ. पाना आवरला, त्याने खर्च सावरला.

१६. कार्बोरेटर आणि सिलिंडर हेडच्या मध्ये उष्णता अडवणारा हायलमचा तुकडा असू दे — हेडची उष्णता थेट वाटीत उतरली तर एप्रिलच्या दुपारी पेट्रोल उकळू लागतं.

१७. स्क्रू परत लावताना आट्यांना जरासं ग्रीस लाव — किनाऱ्याकडच्या हवेत लोखंडी स्क्रू जस्तात जखडतो, आणि काढायला गेलास की आटेही सोबत येतात.

१८. रुबाबासाठी फिल्टर काढून उघडं तोंड ठेवू नकोस, डिचोलीत तर मुळीच नको — २०१२ मध्ये थांबलेल्या खाणींचे ट्रक तिथे पुन्हा धावू लागलेत, आणि काचेला पॉलिश करतात ती तांबडी भुकटी म्हणजेही लोहाचं ऑक्साइडच.

१९. आजीने चिंच-आमसुलाने समई लख्ख केली म्हणून बॉडी त्यात बुडवू नकोस — आंबटाने पितळ उजळतं, पण जस्त खाल्लं जातं. चिंच समईला, पेट्रोल जेटाला.

२०. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद कर आणि इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालू दे — वाटीत पेट्रोल साचून राहिलं की इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जस्तावर पांढरी भुकटी धरते.

२१. पावसाळ्यात गाडी ठेवायची तर टाकी काठोकाठ भर, आणि वर ताडपत्री नको, सुती चादर घाल — ताडपत्रीखाली ओल कोंडते, आणि अर्ध्या टाकीत दमट हवा शिरते, पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. टाकीत पाणी, रस्त्यात रडगाणी.

२२. नव्या पेट्रोलवर गाडी ओढत नसेल, तापत असेल, तर मेन जेट एकच नंबर मोठं घालून बघ — इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटातून येणारं मिश्रण पातळ पडतं.

२३. पण चोर्ल्यावर चढणार म्हणून जेट बदलू नकोस — सुमारे आठशे मीटरची उंची बुलेटला फारशी कळत नाही, ती फक्त तुझ्या कमरेला कळते.

यातलं बरंचसं काम तासाभराचं आहे, आणि त्याला मोठी हत्यारंही लागत नाहीत. दरवर्षी मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, कार्बोरेटर एकदा उघड आणि स्लाइड, फ्लोट, निडल स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आणि नवा भाग घेताना दुकानदाराला किंमत विचारण्याआधी धातू विचार. तो सांगू शकला नाही, तर पैसे खिशातच राहू देत.